बारा नखांचे कासव

गेल्या मे महिन्यातल्या एका संध्याकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील घरी आले. आखाडा बाळापुरात मी बरीच वर्षे विज्ञान शिकवले. त्यामुळे कुणाच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले, कुणाच्या हळदीला कसली कीड लागली, तरी माणसे अजून विचारायला येतात. हे गृहस्थ मात्र ओट्यावर बसले आणि चहा होईपर्यंत काही बोललेच नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाले, “सर, एक जित्राब दाखवायचं हाय. पर गावात बोलू नका.”

त्यांच्या घरामागे निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रमात ताटाएवढे एक कासव होते. तलावातला गाळ उपसताना जेसीबीच्या बकेटात आले, धोंडा समजून ट्रॉलीत पडले आणि गाळाबरोबर यांच्या शेतात पोचले. गाळ पसरताना धोंडा हलला, तेव्हा कळले. आणि मग कुणीतरी त्यांच्या कानात घातले की वीस नखांचे कासव असेल तर त्याचे लाखो रुपये देणारी माणसे आहेत. दोन वर्षे सोयाबीन बुडालेले, सोसायटीचे कर्ज थकलेले. माणसाने ड्रमावर पोते झाकून ठेवले होते आणि चार रात्री नीट झोप घेतली नव्हती.

“तेवढी नखं मोजून द्या,” ते म्हणाले. “मला मोजता येत न्हाईत असं न्हाई. पर ते पायच भाईर काढीना.”

आम्ही घमेल्यात पाणी घेतले, कासव त्यात ठेवले आणि दिवा जरा लांब करून बसून राहिलो. अर्ध्या तासाने आधी एक नळीसारखे नाक वर आले. मग मान आली, आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ लांब. मग पाय. पुढच्या पायाला तीन नखे, दुसऱ्यालाही तीन. मागच्या दोन्ही पायांना तीन-तीन. एकूण बारा.

“म्हंजे हे बी कामाचं न्हाई?” त्यांनी विचारले.

त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री धड देता आले नाही. नंतरच्या काही महिन्यांत मी जे वाचले, जे माझ्या जुन्या वह्यांतून आणि नकाशांतून ताडून पाहिले, ते उत्तर म्हणून येथे मांडतो आहे.

नखांचा हिशेब

आधी वीस नखांचेच पाहू. आपल्याकडच्या गोड्या पाण्यातल्या कासवांचे ढोबळ दोन गट पडतात. एक कठीण पाठीची आणि दुसरी मऊ पाठीची. मऊ पाठीच्या कासवांच्या कुळाला शास्त्रज्ञ ‘ट्रायोनिकिडी’ म्हणतात. त्या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘तीन नखांची’ असा आहे. प्रत्येक पायाला बोटे पाच असतात, पण त्यांतल्या तिघांनाच नख असते. म्हणजे या कुळातल्या कासवाला बारा नखे. ड्रमातले कासव याच कुळातले होते, लिसेमिस पंक्टाटा. भारतातल्या तळ्याबोड्यांत, भातखाचरांत आणि कालव्यांत सर्वात जास्त दिसणारे ते हेच.

कठीण पाठीच्या कासवांपैकी आपल्याकडच्या डबक्यांत आणि ओढ्यांत सापडते ते काळे तळकासव, मेलॅनोकेलिस ट्रायजुगा. त्याच्या पाठीवर लांबीच्या दिशेने तीन कण्या असतात, ‘ट्रायजुगा’ या नावात तोच ‘तीन’ आहे. त्याला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार नखे असतात. बेरीज अठरा. कोरड्या माळावरच्या चांदणी कासवाचीही साधारण हीच मोजणी.

म्हणजे एका गटाची नखे बारा, दुसऱ्याची अठरा. वीस नखे ही कुठल्याच जातीची सामान्य संख्या नाही. माणसात एखाद्याला सहावे बोट असावे, तशी ती क्वचितची विकृती ठरेल. आणि नेमके म्हणूनच फसवणाऱ्यांनी हा आकडा धरलेला आहे. सहज सापडेल अशी वस्तू मागितली तर ती आणून देणारा दुसऱ्या दिवशी पैसे मागेल. जी सापडतच नाही तिच्या शोधात मात्र माणूस आगाऊ पैसे देतो, पूजेचा खर्च करतो आणि मधल्या मधे बारा-अठरा नखांची कासवे मरतात. गुप्तधनाच्या आणि पैशांच्या पावसाच्या नावाने चालणाऱ्या अशा प्रकारांना आपल्या राज्यात २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. आणि लिसेमिस पंक्टाटा हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जी कलमे, तीच याला. शिक्षा तीन ते सात वर्षे.

हे शेवटचे वाक्य मी त्या रात्री ड्रमाशेजारी बोललो तेव्हा त्या घरातल्या बाईंनी दाराची कडी लावली.

फासळ्यांचे घर

वर्गात मी दरवर्षी एक प्रश्न विचारीत असे: कासव पाठीवरचे घर सोडून बाहेर येऊ शकते का? निम्मी मुले ‘हो’ म्हणत. गोगलगाय आणि कासव यांची त्यांच्या मनात सरमिसळ झालेली असे. दुसरा ठरलेला घोटाळा उभयचराचा. पाण्यात राहते आणि जमिनीवर येते म्हणून कासव बेडकाच्या ओळीत बसवले जाई. कासव हा सरपटणारा प्राणी आहे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, अंडी जमिनीतच घालतो. आणि त्याचे घर म्हणजे त्याचा स्वतःचा बरगड्यांचा पिंजरा असतो.

कासवाची पाठ आतून पाहिली तर मधोमध मणक्यांची रांग दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना रुंद होऊन एकमेकींना चिकटलेल्या फासळ्या. पोटाकडची ढाल वेगळ्या हाडांची बनलेली असते आणि ती बाजूंनी पाठीच्या ढालीला जोडलेली असते. कठीण पाठीच्या कासवात या हाडांवर आपल्या नखांसारख्या द्रव्याचे पत्रे बसवलेले असतात. मऊ पाठीच्या कासवात ते पत्रे नसतात, वर नुसते चामडे असते आणि कडेला कूर्चा. म्हणून कडा हाताला लवचीक लागते. लिसेमिसच्या पोटाकडे मागच्या बाजूला दोन चामडी झडपा असतात. मागचे पाय आत ओढले की त्या झाकल्या जातात. आमचे पाहुणे पाय दाखवीत नव्हते ते या झडपांमुळे.

यातली खरी नवलाची गोष्ट खांद्याची आहे. माझ्या, तुमच्या, गाईच्या, चिमणीच्या शरीरात खांद्याचे पाते बरगड्यांच्या बाहेर असते. कासवात ते आत आहे. जगात पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत अशी रचना दुसऱ्या कुणाचीच नाही. हाड बाहेरून आत गेले कसे, यावर शंभराहून अधिक वर्षे वाद चालला. जपानमधल्या कोबे येथील संशोधकांनी मऊ पाठीच्याच एका चिनी कासवाच्या अंड्यांतले गर्भ टप्प्याटप्प्याने तपासले आणि २००९ साली उत्तर दिले. खांदा आत गेलेलाच नाही. गर्भाच्या सुरुवातीच्या अवस्थेत फासळ्या खाली वळण्याऐवजी आडव्या, बाहेर पसरत वाढतात आणि अंगाची भिंत घडी पडल्यासारखी आत दुमडते. खांदा आपल्या जागीच असतो, बरगड्याच छपरासारख्या त्याच्यावर येतात.

ही गोष्ट अंड्यात काही दिवसांत घडते. पृथ्वीच्या इतिहासात तिला कोट्यवधी वर्षे लागली. दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत युनोटोसॉरस नावाचा पालीसारखा प्राणी सापडतो. त्याला ढाल नाही, पण फासळ्या पानासारख्या रुंद आहेत. चीनमध्ये सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचे ओडोंटोकेलिस सापडले, त्याचे वर्णन २००८ साली प्रसिद्ध झाले. त्याची पोटाची ढाल पूर्ण आहे, पाठीची मात्र अर्धीच, नुसत्या रुंद फासळ्या. आणि त्याच्या तोंडात दात आहेत. आजच्या एकाही कासवाला दात नाहीत, सगळ्यांना चोच आहे. म्हणजे कासवाने आधी पोट झाकले, मग पाठ, आणि दात वाटेत कुठेतरी सोडून दिले.

कासवाचे जिवंत नातेवाईक कोण, हेही अलीकडेच ठरले. पूर्वी त्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मुळाशी, सगळ्यांपासून वेगळे बसवीत. २०१३ साली मऊ पाठीच्या कासवाचा आणि हिरव्या सागरी कासवाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यानुसार कासव साप-सरड्यांपेक्षा मगरी आणि पक्षी यांच्या जवळचे आहे. अंगणातली कोंबडी ही कासवाची पालीपेक्षा जवळची बहीण आहे, असे सांगितल्यावर माझ्या वर्गात जो गोंधळ उडाला असता, तो पाहायला मी नोकरीत नव्हतो याचे वाईट वाटते.

मान कुठे वळते

कासवांच्या वंशाचे आज दोन मोठे फाटे आहेत आणि ते ओळखण्याची खूण मानेत आहे. एका फाट्यातली कासवे मान उभी, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी दुमडून सरळ आत घेतात. दुसऱ्या फाट्यातली मान आडवी वळवून ढालीच्या कडेखाली ठेवतात, जणू कुशीवर निजलेली. आज भारतात निसर्गतः राहणारी झाडून सगळी कासवे पहिल्या फाट्यातली आहेत. आडव्या मानेची कासवे पाहायची तर आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका किंवा ऑस्ट्रेलिया गाठायला हवी.

पण हे आजचे झाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथील शेतांत डायनोसॉरची हाडे आणि दगड झालेली त्यांची विष्ठा सापडते. त्याच विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले आणि डायनोसॉरच्या काळात गवत होते हे २००५ साली जगाला कळले. याच पिसदुऱ्यातून एका कासवाचे जीवाश्म निघाले. सोहनलाल जैन यांनी १९७७ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि २०२० मधल्या फेरतपासणीत त्याला जैन यांच्याच नावावरून ‘जैनेमिस पिसदुरेन्सिस’ हे नाव मिळाले. ते आडव्या मानेचे होते.

दुसरा पुरावा मुंबईचा. आपला सगळा मराठवाडा ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्ह्याचा एक लोट थंड व्हायचा, त्यावर पाणी साचून तळी व्हायची, तळ्यांत बेडूक आणि कासवे नांदायची, मग पुढचा लोट त्यांना झाकून टाकायचा. वरळीच्या टेकडीत अशा एका तळ्याचा गाळ दगड होऊन सापडला. त्यातल्या कासवाचे वर्णन मुंबईत डॉक्टरी करणाऱ्या हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ मध्ये केले आणि मुंबईतल्याच डॉ. लीथ यांच्या नावावरून त्याला ‘टेस्टुडो लीथी’ म्हटले. आज ते ‘कार्टेरेमिस लीथी’ म्हणून ओळखले जाते. २००३ साली मुंबईच्याच थरांतून ‘शंकुकेमिस’ हे आणखी एक आडव्या मानेचे कासव वर्णन केले गेले.

या लीथ साहेबांच्या नावाची गंमत येथे संपत नाही. १८६९ मध्ये लंडनच्या ग्युंथर यांनी इजिप्तकडच्या एका छोट्या जमिनीवरच्या कासवालाही ‘टेस्टुडो लीथी’ असेच नाव देऊन टाकले. नामकरणाच्या नियमाप्रमाणे एकच नाव दोघांना चालत नाही, आधीचा हक्क टिकतो. वरळीच्या दगडातल्या कासवाने १७ वर्षे आधी नाव घेऊन ठेवले होते. म्हणून इजिप्तच्या जिवंत कासवाला ते सोडावे लागले आणि आज ते ‘टेस्टुडो क्लाइनमानी’ या नावाने नांदते. मेलेल्याने जिवंताशी दावा जिंकल्याचे हे उदाहरण.

आणि १८७२ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी पुण्याकडच्या एका मोठ्या मऊ पाठीच्या कासवाला पुन्हा याच लीथ यांचे नाव दिले. आजचे निल्सोनिया लीथी. पिलांच्या पाठीवर डोळ्यांसारखे ठिपके, मोठे झाले की दोन फुटांपर्यंत लांबी. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांतले, दख्खनच्या नद्यांचे आपले स्वतःचे कासव. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ते आज ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, आणि २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वात कडक बंदी आली. एकाच माणसाच्या नावाची दोन कासवे या महाराष्ट्रात. एक साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याखाली गेले. दुसरे आपल्या डोळ्यांदेखत वाळूच्या उपशात, जाळ्यांत आणि बाजारात चालले आहे.

मऊ पाठीच्या थोर कासवांचा शेवट कसा होतो याचा नमुना आपल्या काळात घडलेला आहे. यांगत्सेच्या महाकाय मऊ पाठीच्या कासवाची चीनमधली अखेरची ज्ञात मादी २०१९ साली सुझौच्या प्राणिसंग्रहालयात मेली. त्याआधी २०१६ मध्ये व्हिएतनाममधल्या हनोई शहराच्या तळ्यातले, लोकांनी देवासारखे मानलेले कासव गेले. मान होता, पूजा होती, जोडीदार नव्हता.

कयाधूचे पाणी

आमच्या भागातली नदी कयाधू. हिरण्यकशिपूच्या राणीचे, म्हणजे प्रल्हादाच्या आईचे नाव तिला आहे. वाशीम जिल्ह्यातून ती येते, नामदेवांचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या नर्सीवरून हिंगोलीकडे आणि कळमनुरी तालुक्यातून पुढे जाते, आणि पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते.

हा प्रवास मी नकाशावर बोटाने करून पाहिला, कारण त्याच्या शेवटाकडे, प्राणहितेच्या काठी, गडचिरोली जिल्ह्यात कोटा नावाचे खेडे आहे. त्या खेड्यावरून खडकांच्या एका मालिकेला ‘कोटा शैलसमूह’ म्हणतात. ज्युरासिक काळातले, अठरा कोटी वर्षांच्या आसपासचे हे थर. बारापासॉरस हा भारताचा प्रसिद्ध अजस्र डायनोसॉर याच थरांतला. आणि २००० साली याच थरांतल्या एका कासवाचे वर्णन झाले: इंडोकेलिस स्पॅट्युलाटा, भारतातले पहिले ज्युरासिक कासव. आजच्या दोन फाट्यांपैकी कुठल्याही एका फाट्यात त्याला नीट बसवता येत नाही, इतके ते मुळाजवळचे आहे.

म्हणजे बाळापूरच्या शिवारात पडलेला पावसाचा थेंब, धरणांतून सुटलाच तर, वाटेत पिसदुऱ्याच्या बाजूचे पाणी सोबत घेतो आणि कोट्यावरून पुढे जातो. इंडोकेलिसच्या काळी ना कयाधू होती ना हा काळा पाषाण. भारत तेव्हा आफ्रिका-मादागास्करला जोडलेला होता. पुढे तो सुटला, बेटासारखा उत्तरेला सरकला आणि त्याच्याबरोबर आडव्या मानेची कासवे आली. आशियाला टेकल्यानंतरच्या काळात ती येथून नाहीशी झाली आणि आशियातल्या कुळांची, उभ्या मानेची कासवे येथल्या पाण्यांत पसरली. ड्रमातले कासव आणि ओढ्यातले काळे तळकासव ही त्या कुळांची. जागा तीच, बिऱ्हाड बदलले.

काळ्या तळकासवाच्या कुळातले एक नाव सांगायलाच हवे. केरळच्या जंगलातले एक छोटे कासव कित्येक दशके कुणाला दिसले नव्हते. जे. विजया या तरुण संशोधिकेने १९८२ मध्ये ते पुन्हा शोधून काढले. देशातल्या बाजारांत कासवे कशी विकली जातात याचीही पाहणी तिने केली होती. १९८७ मध्ये ती अकाली गेली. २००६ मध्ये त्या कासवाच्या प्रजातीला ‘विजयाकेलिस’ हे नाव मिळाले. लीथ साहेबांना घरबसल्या तीन कासवे मिळाली. विजयाला एकच मिळाले, पण ते तिने जंगलात राहून मिळवले.

याच ‘तळकासव’ नावाने पूर्वी ज्यांना एका कुळात घालत, ती अमेरिकेतली कासवे आता वेगळ्या कुळात मोजतात. त्यांतले एक आपल्या ओळखीचे आहे. शहरांतल्या दुकानांत काचेच्या पेटीत मिळणारे, कानाजवळ लाल पट्टा असलेले हिरवे पिल्लू. ते अमेरिकेचे. वाढले की जागा पुरत नाही, मग लोक दया म्हणून तळ्यात सोडतात. तेथे ते टिकते, खाते आणि आपल्या कासवांची जागा घेते. उपद्रवी परक्या जातींच्या जागतिक यादीत त्याचे नाव आहे. विकत आणलेले कासव तळ्यात सोडणे यात दया नाही.

कासवीची नजर

आपल्या संतांनी कासवीचा एक दृष्टान्त पुन्हा पुन्हा वापरला आहे. कासवी पिलांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, दुरून नुसत्या नजरेने त्यांचे पोषण करते. देव भक्ताकडे तसा पाहतो. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मी हे वर्गात खोडून काढीत असे. कासवी काठावर खड्डा करते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिले आईला पाहत नाहीत, आई पिलांना पाहत नाही.

२०१३ साली ब्राझीलमधल्या संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. अमेझॉनच्या खोऱ्यातल्या महाकाय नदीकासवांवर त्यांनी पाण्याखाली ध्वनिग्राहक लावले होते. पिले अंड्यांत असल्यापासून आवाज करतात, माद्या पाण्यात आवाज करतात, पिले पाण्यात उतरल्यावर दोघींचे आवाज एकत्र ऐकू येतात आणि ती माद्यांबरोबर प्रवासाला निघतात. कासवांत आई पिलांसाठी थांबते याचा हा पहिला पुरावा मानला गेला. हे कासव आडव्या मानेच्या फाट्यातले, पिसदुरा आणि वरळीच्या कासवांच्या जिवंत भाऊबंदांपैकी आहे.

म्हणून दृष्टान्त खरा ठरला असे मी म्हणणार नाही. आमच्या लिसेमिसबद्दल असे काही सिद्ध झालेले नाही. पण ‘नाही’ म्हणताना माझा आवाज जेवढा खात्रीचा होता, तेवढा तो असायला नको होता.

गाळातली झोप

आता पुन्हा ड्रमाकडे. मे महिन्यात, तलाव तळाला गेलेला असताना, हे कासव गाळात काय करीत होते? झोपले होते. पाणी आटू लागले की लिसेमिस चिखलात शिरते, पाय आणि मान आत घेते आणि हालचाल जवळजवळ थांबवते. अन्न लागत नाही, श्वास अगदी कमी लागतो. पाण्यात असताना हे कासव फुप्फुसांशिवाय त्वचेतून आणि घशाच्या अस्तरातूनही थोडा प्राणवायू घेऊ शकते. पाऊस पडला, तळे भरले की ते उठते आणि कामाला लागते. त्याचे काम म्हणजे गोगलगायी, बेडूक, मासे, पाणवनस्पती आणि मेलेले जे सापडेल ते खाणे. गुरांना पाणी पाजायच्या तळ्यात हा फुकटचा सफाई कामगार असतो. अंडी काठच्या मातीत असतात. त्यांना कित्येक महिने लागतात, आणि पावसाने माती मऊ झाली की पिले बाहेर येतात.

म्हणजे आपण ज्या महिन्यांत गाळ काढतो, नेमके तेच त्याच्या झोपेचे महिने. आणि आपण काढतो तीच त्याची गादी.

त्या रात्री मी त्या गृहस्थांना नखांचा हिशेब समजावून सांगितला, कायदा सांगितला आणि गप्प बसलो. नियमाप्रमाणे मी तेव्हाच वनविभागाला कळवायला हवे होते. कळवले असते तर कर्जाच्या कागदांवर आणखी एक कागद चढला असता. ते बराच वेळ कासवाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “सर, बारा नखं हायेत हे तुमी कागदावर लिहून द्या. इचारायला येईल त्याला दावतो.” मी लिहून दिले. पहाटे आम्ही दोघे मोटारसायकलवर घमेले धरून कयाधूच्या एका डोहाकडे गेलो, कारण ज्या तलावातून ते निघाले तेथे आता ना पाणी होते ना चिखल. कासव काठावर क्षणभर थांबले आणि पाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी मी वनरक्षकांना घडले तसे सांगितले. ते म्हणाले, पुढच्या वेळी आधी फोन करा. त्यांचे बरोबर होते.

यंदा पुन्हा गाळ काढायचा आहे. ग्रामसभेत मी म्हटले, तळ्याचा एक कोपरा दर वर्षी न उपसता ठेवावा. एका तरुण शेतकऱ्याने विचारले, “सर, कासवासाठी किती ट्रॉल्या सोडायच्या?” प्रश्न रास्त होता. त्याच्या शेतात गाळ पडला तर त्याचे पीक सुधारते, हे मी नाकारू शकत नव्हतो. मग मागे बसलेले एक म्हातारे भोई मामा उठले. आयुष्यभर त्यांनी तळ्यात जाळी टाकलेली. म्हणाले, “ट्रॉल्या नका सोडू. मशीन चालंल तवा मी टोपलं घेऊन काठावर बसतो. चिखलात ते कुठं निजतंय, मला ठावं हाय.”

ठराव झाला नाही. पण मामांना रोजाचे पैसे द्यायचे, हे मात्र ठरले. आणि ते पैसे मी द्यायचे, असे माझ्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी सुचवले.

“निम्मे मी देतो,” ते म्हणाले.